अक्षरांआधी आवाज : डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मराठी वाचायला कसे शिकवावे

तिसरीतले एखादे मूल ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसह सांगते, आठवडी बाजारात सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकू देत नाही, आणि तेच मूल पाठ्यपुस्तकातील चार शब्दांच्या ओळीपुढे घामाघूम होते. घरी त्याला आळशी म्हणतात, वर्गात ‘ढ’ म्हणतात, आणि दोन वर्षांत ते मूलही स्वतःला तसेच समजू लागते. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात लिहिली होती; सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत त्यांनी नोंदवले आहे. आपल्याकडच्या अनेक जिल्हा परिषद शाळांमधील शिक्षकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.

डिस्लेक्सिया म्हणजे बोललेल्या शब्दातील सुटे आवाज वेगळे करणे आणि ते आवाज अक्षरांशी झटपट जोडणे मेंदूला जड जाणे. त्याचा बुद्धीशी संबंध नाही, तो डोळ्यांचा दोष नाही, आणि बऱ्याचदा तो घराण्यात चालत आलेला असतो. त्यावर गोळी किंवा टॉनिक नाही, आणि रंगीत काचांच्या चष्म्याने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने वाचन सुधारते याला भक्कम आधार नाही. सुधारणा होते ती नेमक्या क्रमाने, सावकाश आणि रोज शिकवल्याने. हे शिकवणे सुरू करायला कोणत्याही प्रमाणपत्राची वाट पाहण्याची गरज नाही, कारण पुढे दिलेली रीत डिस्लेक्सिया नसलेल्या, पण वाचनात मागे पडलेल्या मुलालाही अपाय करत नाही.

तरीही ‘डिस्लेक्सिया’ हा शिक्का मारण्यापूर्वी काही गोष्टी तपासणे आवश्यक आहे. कान आणि डोळे तपासून घ्यावेत. सततच्या सर्दीने किंवा फुटलेल्या कानाने ऐकू कमी येणारे मूल आवाजांतील फरक पकडू शकत नाही. तांड्यावरच्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलतात, देगलूर-बिलोलीकडे काही घरांत तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, आणि अनेक घरांत दखनी. अशा मुलाला आधी मराठी ऐकण्या-बोलण्याची सवय हवी असते. ऊसतोडीच्या टोळीबरोबर दिवाळीच्या सुमारास गाव सोडून उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या मुलाची शाळाच दरवर्षी अर्धी बुडालेली असते, त्यामुळे त्याला आधी न तुटणारे शिक्षण मिळाले पाहिजे. शिवाय ‘पाणी’ हा शब्द मुलाने ‘पानी’ असा वाचला, तर ती वाचनाची चूक नव्हे. त्याने अक्षर ओळखले आहे आणि आपल्या घरच्या बोलीत उच्चारले आहे. तेथे त्याला थांबवून दुरुस्त करणे म्हणजे जे बरोबर जमले त्याबद्दलच शिक्षा देणे होय.

पहिला महिना : पुस्तक बंद ठेवून

पहिले चार आठवडे अक्षर दाखवू नये. हा काळ फक्त कानांचा आहे. बहुतेक मार्गदर्शनात पालक शिकलेले आहेत असे गृहीत धरलेले असते, पण ज्या आईला स्वतःला अक्षरओळख नाही, तीसुद्धा हा महिना संपूर्ण आपल्या हाताने पार पाडू शकते, आणि भाकरी थापताना, शेंगा फोडताना पार पाडू शकते.

मूठभर चिंचोके घ्यावेत. एक शब्द सावकाश म्हणावा आणि मुलाने प्रत्येक तुकड्याला एक चिंचोका पुढे सरकवावा : ‘बटाटा’ म्हणजे ब, टा, टा, तीन चिंचोके, ‘सोयाबीन’ म्हणजे चार. हे सहज जमू लागले की पहिला आवाज ओळखायला सांगावे, मग शेवटचा, आणि सर्वांत शेवटी मधला, कारण मधला आवाज पकडणे सर्वांत अवघड असते. त्यानंतर आवाज काढून टाकण्याचा खेळ घ्यावा. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरते? ‘मळ’. ‘वावर’मधून ‘वा’ काढला तर? ‘वर’. मग आवाज बदलण्याचा खेळ : ‘काळ’ शब्दातील ‘का’च्या जागी ‘मा’ ठेवला की ‘माळ’, मग ‘जाळ’, ‘बाळ’, ‘गाळ’, ‘टाळ’, आणि पुढे केवळ स्वर बदलून ‘माळ’, ‘मेळ’, ‘मूळ’. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला हे खेळ सुरुवातीला खरोखर कठीण जातात, आणि त्या कठीणपणातच त्याच्या वाचनाची अडचण लपलेली असते. आजीच्या ओव्या, उखाणे आणि कोडी यांचा येथे मोठा उपयोग होतो, कारण यमक ऐकू येणे हीच आवाज वेगळा करण्याची पहिली पायरी आहे.

अक्षरे कोणत्या क्रमाने द्यावीत

आपल्याकडे ‘ग म भ न’ हा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. आकाराने जवळची अक्षरे लागोपाठ आल्यामुळे हाताला वळण लागते, म्हणून लेखनासाठी तो सोयीचा आहे. मात्र ज्या मुलाचा ‘म’ आणि ‘भ’ यांत घोळ होतो, त्याला ही दोन अक्षरे एकाच आठवड्यात देणे चुकीचे आहे. अशा मुलासाठी दिसायला आणि ऐकायला एकमेकांपासून दूर असलेली पाच अक्षरे घ्यावीत. क, म, ल, ट, च एवढ्यांतूनच ‘चल’, ‘कलम’, ‘मलम’, ‘चमक’, ‘लटक’, ‘चकमक’ असे पुरेसे शब्द तयार होतात. ब-व, घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ट-ठ या जोड्यांतले एक अक्षर पक्के झाल्याशिवाय दुसरे आणू नये. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत.

प्रत्येक अक्षर डोळा, कान, तोंड आणि हात यांनी एकाच वेळी शिकवावे. अमेरिकेत १९३० च्या दशकात सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी घडवलेल्या पद्धतीचा हाच गाभा आहे, आणि त्यासाठी लागणारे साहित्य आपल्या स्वयंपाकघरात आहे. परातीत ज्वारीचे पीठ पसरावे, मुलाने बोटाने मोठे अक्षर काढावे आणि काढता काढताच त्याचा आवाज मोठ्याने म्हणावा. केवळ आकार गिरवून उपयोग नाही; आवाज तोंडातून निघालाच पाहिजे. तेच अक्षर तुरीचे दाणे मांडून करावे, अंगणातील मातीत काठीने काढावे. ‘दहा वेळा लिहून आण’ हा गृहपाठ मात्र बंद करावा, कारण तिसऱ्या ओळीपासून मूल न वाचता वरची ओळ उतरवत असते.

येथे एक बारीक अडचण येते, ती शिक्षकांच्याही ध्यानात लवकर येत नाही. मूल ‘क… ल… म…’ असे प्रत्येक अक्षर पूर्ण ‘अ’ लावून म्हणते, आणि जोडल्यावर त्याला जे ऐकू येते ते ‘कलम’ नसते, कारण आपण बोलताना शेवटच्या ‘म’मधला ‘अ’ उच्चारतच नाही. प्रत्येक अक्षर बरोबर वाचूनही शब्द ओळखता न येणे ही मुलासाठी फार निराश करणारी गोष्ट असते. म्हणून शेवटचे अक्षर तोकडे, पाय मोडल्यासारखे म्हणायला शिकवावे, आणि अक्षरे तोडून म्हणण्याऐवजी एकाच श्वासात ओढून म्हणायला लावावीत.

काना, वेलांटी आणि जोडाक्षरे

संपूर्ण बाराखडी पाठ करून घेण्यात फारसा अर्थ नाही. मूल ती गाण्यासारखी म्हणते आणि ‘कु’ एकटा समोर आला की अडते. एका वेळी एकच स्वरचिन्ह घ्यावे. आधी फक्त काना : ‘काम’, ‘चाक’, ‘टाच’, ‘काटा’, ‘माल’. काना असलेला आणि नसलेला शब्द शेजारी ठेवून (‘कम’ आणि ‘काम’, ‘मल’ आणि ‘माल’) फरक कानाला जाणवू द्यावा. ऱ्हस्व वेलांटी विशेष त्रास देते, कारण ती अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. तेथे वेलांटी लाल रंगाने काढावी, मुलाचे बोट आधी अक्षराखाली ठेवावे आणि मगच डावीकडे वळवावे. वाचताना पहिली आणि दुसरी वेलांटी यांचा आवाज सुरुवातीस एकच समजण्यास हरकत नाही. लेखनाकडे वळल्यावर एक नियम त्याचे ओझे बरेच हलके करतो : मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहितात, आणि ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद असतात.

जोडाक्षरे सर्वांत शेवटी आणि तीही दुहेरी आवाजाच्या शब्दांपासून सुरू करावीत. ‘कच्चा’, ‘पक्का’, ‘पत्ता’ म्हणताना आवाजावर पडणारा दाब मुलाला जाणवतो. त्यानंतर ‘रस्ता’, ‘पुस्तक’. ‘र’ची रूपे मात्र वेगवेगळ्या आठवड्यांत द्यावीत : ‘चक्र’, मग ‘ट्रक’, मग ‘सूर्य’, मग ‘दुसऱ्या’. रफार एका अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि त्या अक्षराच्या आधी उच्चारला जातो, हे मुलाला प्रत्येक शब्दात बोट ठेवून दाखवावे लागते. एकदा सांगून ते राहत नाही.

रोजची वीस मिनिटे

रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज वीस मिनिटे अधिक फळतात. पहिली पाच मिनिटे जुन्या अक्षरांची पत्ते-कार्डे, नंतर आवाजाचा एक खेळ, मग नवे असल्यास एकच नवे, आणि शेवटी शिकलेल्या अक्षरांपुरतेच बेतलेले दोन-चार वाक्यांचे वाचन. वाचताना जाड पुठ्ठ्याला खिडकी कापून ती ओळीवर सरकवावी, म्हणजे पुढची गर्दी दिसत नाही. मूल अडले तर शब्द झाकून एकेक अक्षर उघडत जावे. चित्रावरून अंदाज बांधायला सांगू नये. तोच परिच्छेद तीन-चार दिवस पुन्हा वाचावा, आधी मोठ्या माणसाने आणि मुलाने एकत्र, मग मुलाने एकट्याने. याखेरीज त्याला रोज काहीतरी वाचून दाखवावे, त्याच्या वाचनाच्या पातळीचे नव्हे, तर त्याच्या समजेच्या पातळीचे, कारण वाचता येत नाही म्हणून त्याच्या शब्दसंपत्तीची आणि ज्ञानाची उपासमार होऊ देणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे मूल शक्यतो गावातील हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहावे; ते शक्य नसेल, तर कार्डांचा डबा आणि चिंचोके बरोबर द्यावेत, आणि शिक्षकांनी आठवड्यातून दोनदा आईच्या फोनवर आवाजाचे खेळ रेकॉर्ड करून पाठवावेत.

शाळा, तपासणी आणि हक्क

वर्गशिक्षकांना भेटून तीन गोष्टी मागाव्यात : तयारी नसताना सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावू नये, प्रश्न वाचून दाखवावेत, आणि जेथे ज्ञान तपासायचे आहे तेथे तोंडी उत्तर स्वीकारावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे ही मागणी म्हणजे उपकाराची याचना नव्हे. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक, तसेच शाळेत तपासणीसाठी येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक यांच्याकडे मुलाची अडचण स्पष्ट शब्दांत नोंदवावी. पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. प्रमाणपत्राचा विचार साधारणपणे वयाच्या आठ वर्षांनंतर होतो. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती त्यावर अवलंबून असतात, म्हणून नववीच्या अखेरीस धावपळ करण्याऐवजी चौथी-पाचवीतच हे काम उरकावे. जाताना मुलाच्या वह्या सोबत न्याव्यात. त्याच्या चुकांचा ढंग तपासणाऱ्याला उपयोगी पडतो.

घरी एक साधी वही ठेवून रोज तारीख, घेतलेली अक्षरे आणि अडलेले शब्द लिहावेत. तीच अक्षरे तीन आठवडे अडत असतील, तर पुढे न जाता दोन पायऱ्या मागे यावे, पुस्तक मिटावे आणि पुन्हा चिंचोके काढावेत.