पशुखाद्याचा वसंती जव: भरघोस उत्पादन कसे घ्यावे

जव म्हणजे गव्हाचाच धाकटा भाऊ, असे समजून त्याला गव्हासारखे वाढवले की घोटाळा होतो. गव्हाच्या एका कणिशकात, म्हणजे ओंबीतल्या एका छोट्या घटकात, तीन-चार दाणे भरू शकतात. त्यामुळे ओंब्या कमी आल्या तरी दाणे वाढवून तो थोडीफार भरपाई करतो. जवाच्या कणिशकात एकच दाणा धरतो. ओंब्या कमी पडल्या तर ती तूट पुढे भरून निघत नाही, आणि ओंब्यांची संख्या ठरते फुटव्यांच्या काळात, म्हणजे उगवणीनंतरच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत.

दोनओळी जवाचा, म्हणजे ओंबीत दाण्यांच्या दोन ओळी असलेल्या वाणाचा, हिशेब करून पाहा. चौरस मीटरला 800 ओंब्या, ओंबीत 22 दाणे आणि हजार दाण्यांचे वजन 46 ग्रॅम, म्हणजे हेक्टरी साधारण 8 टन. ओंब्या 600 वर आल्या तर बाकी सगळे तेवढेच राहूनही 6 टनांवर समाधान मानावे लागते. सहाओळी वाणात ओंबीला दाणे जास्त लागतात, पण ते लहान-मोठे निघतात आणि फुटवेही कमी येतात. वाण निवडताना उत्पादनाच्या आकड्याशेजारी ताठ उभे राहण्याची क्षमता आणि हेक्टोलिटर वजन (शंभर लिटर दाण्यांचे वजन) हे दोन रकाने जरूर पाहावेत.

बियाणे किलोत नाही, दाण्यांत मोजा. सूत्र सोपे आहे: चौरस मीटरला हवी असलेली रोपे गुणिले हजार दाण्यांचे वजन, भागिले अपेक्षित उगवणीची टक्केवारी. 300 रोपे, 48 ग्रॅम आणि 85 टक्के उगवण धरली तर हेक्टरी 169 किलो लागते. जमीन थंड, ढेकळांची किंवा पेरणी उशिराची असेल तर रोपांची संख्या 350 पर्यंत न्यावी, कारण उशिरा पेरलेल्या पिकाला फुटवे काढायला वेळच मिळत नाही.

पेरणीची घाई मात्र वापसा येण्याआधी, म्हणजे माती पेरणीजोगी सुकण्याआधी, करू नका. वसंतात वरचा थर सुकून पांढरा पडतो आणि खाली चिखल असतो. दहा सेंटीमीटर खालची मूठभर माती घेऊन दाबावी. बोटांना चिकटून लगद्यासारखी झाली तर अजून थांबावे, भुसभुशीत फुटली तर पेरावे. ओल्यात ट्रॅक्टर घातला की जमीन दबते, आणि दबलेली जमीन व साचलेले पाणी जवाला मुळीच सोसत नाही. आम्लताही सोसत नाही. सामू (पीएच) 6.5 च्या आसपास हवा. 6 च्या खाली गेला तर मुळे आखूड राहतात, म्हणून आधीच्या हंगामातच चुना द्यावा. बी 3 ते 4 सेंटीमीटर खोल पडावे आणि पेरणीनंतर माती कोरडी असताना हलका रोलर फिरवावा.

बिअरच्या माल्टसाठीच्या जवात दाण्यातील प्रथिने वाढू नयेत म्हणून नत्र (नायट्रोजन) आखडते घेतात. पशुखाद्यात ती अडचण नाही, उलट प्रथिने हवीच असतात. मध्यम सुपीक जमिनीत हेक्टरी 120 ते 150 किलो नत्र द्यावे. शेणखत घातले असेल किंवा आधी द्विदल पीक असेल तर त्यातून वजा करावे. निम्मे पेरणीबरोबर आणि उरलेले फुटवे सुरू होताच द्यावे. कांडी धरल्यावर, म्हणजे खोड उंच वाढू लागल्यावर, दिलेले नत्र दाण्यांपेक्षा लोळण्याच्या कामी येते. स्फुरद (फॉस्फरस) बियाण्याजवळ पडले तर थंड मातीत फार उपयोगी ठरते. पेंढा शेतातून उचलणार असाल तर पालाशचा (पोटॅशचा) हिशेब वाढवा, कारण पेंढ्याबरोबर तो बराच जातो.

पिकात फिकट पिवळसर ठिगळे दिसली आणि ट्रॅक्टरच्या चाकोरीवरची रोपे तेवढी हिरवीगार असली तर नत्र कमी पडले म्हणून गोणी उघडू नका. ही मँगनीजची कमतरता आहे. हलक्या, फुगलेल्या किंवा जास्त सामूच्या मातीत मुळांना मँगनीज मिळत नाही. चाकाखाली माती घट्ट झाल्याने तिथे ते मिळते. मँगनीज सल्फेटची फवारणी पानांवर करावी, गरज पडल्यास पुन्हा करावी. मातीत टाकलेले मँगनीज अशा ठिकाणी लगेच अडकून पडते.

तणनाशक पीक तीन-चार पानांवर असताना मारावे. रोगांत जाळीदार करपा तपकिरी, जाळीसारख्या आडव्या-उभ्या रेषांनी ओळखू येतो. पानाच्या बगलेत गडद कडेचे राखाडी चट्टे दिसले तर तो पावसाच्या शिंतोड्यांनी पसरणारा ऱ्हिंकोस्पोरियम. बुरशीनाशकाच्या दोन वेळा महत्त्वाच्या: फुटवे संपता-संपता आणि पोटरीतून (ओंबी गुंडाळलेल्या पानाच्या आवरणातून) कुसळे डोकावताना. पहिली चुकली तर फुटवे मरतात आणि ते परत मिळत नाहीत. उघडी काणी (ओंबीत दाण्यांऐवजी काळी भुकटी होणारा रोग) मात्र फवारणीने जात नाही. ती बियाण्याच्या आतच बसलेली असते, म्हणून आंतरप्रवाही औषधाची बीजप्रक्रिया हाच उपाय. उशिराच्या पेरणीत माव्यावर नजर ठेवा. तो पिवळ्या खुज्या रोगाचा विषाणू आणतो.

जव नुसता लोळत नाही, पिकल्यावर मधूनच मोडतो आणि ओंबी मानेतून गळते. म्हणून पिकलेले पीक उभे ठेवू नये. वाढनियंत्रक वापरायचा तर कांडी धरताना, आणि पीक पाण्याच्या ताणाखाली असेल तर अजिबात नाही.

दाण्यात 18 टक्के ओलावा असतानाच कापणी सुरू करून यंत्राने वाळवणे परवडते. साठवणीला मात्र 14 टक्के किंवा कमी हवा, नाहीतर दाणा तापतो आणि बुरशी धरते. वाळवणीची सोय नसेल तर 35 टक्क्यांच्या आसपास ओलावा असतानाच कापून दाणे चेपावेत आणि हवाबंद मुरवावेत. वाळवलेला जव जनावरांना देताना भरडून किंवा चेपूनच द्यावा. पिठासारखा दळला तर तो पोटात झपाट्याने आंबतो आणि पोटातले आम्ल वाढून जनावर खाणे सोडते.