आठ कोर घेतले, पण रॅमला झेपतंय का? स्ट्रीम चालवून बघा

मे महिन्यात फोंड्याच्या एका मित्राने नवीन पीसी असेंबल केला, आठ कोर, डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन स्टिक, आणि तक्रार एकच की लाटांचं सिम्युलेशन चार थ्रेडला (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) जेवढा वेळ घेतं तेवढाच आठला पण घेतं. अशा वेळी प्रोसेसरला शिव्या घालण्याआधी मेमरीचा वेग मोजायचा, म्हणजे रॅममधून सेकंदाला किती डेटा ये-जा करतो ते.

त्यासाठी स्ट्रीम. जॉन मॅकाल्पिन यांचा जुना सी प्रोग्राम, फुकट मिळतो, कॉपी, स्केल, अ‍ॅड आणि ट्रायड अशा चार चाचण्या करतो. आपण ट्रायडचा आकडा धरायचा, ती चाचणी आकड्यांच्या दोन रांगा वाचून तिसरी लिहिते. जीसीसी कंपायलरने कंपाइल करताना ओपनएमपी (काम थ्रेडांना वाटून देणारी सोय) चालू आणि ऑप्टिमायझेशन ओ-थ्री, बस.

आता जिथे सगळे फसतात ते. अ‍ॅरे (म्हणजे ती आकड्यांची रांग) कॅशेपेक्षा, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या वेगवान मेमरीपेक्षा, भरपूर मोठा हवा, नियम असा की प्रत्येक अ‍ॅरे शेवटच्या लेव्हलच्या (बहुधा एल३) कॅशेच्या निदान चौपट. डीफॉल्टला १ कोटी एलिमेंट असतात म्हणजे ८० एमबी. तुमची एल३ कॅशे ३२ एमबी असेल तर १२८ एमबी लागणार, मग सरळ २ कोटी करा, नाहीतर रॅम मोजतोय म्हणून कॅशेचाच आकडा मिरवत बसाल.

रन सकाळी पोदेर (पाववाला) यायच्या आधी करा, गंमत नाही, मे मधल्या दुपारी बिनएसीच्या खोलीत मशीन तापून प्रोसेसरचं घड्याळ, म्हणजे वेग, कमी करतं. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच. ब्राउझर बंद, थ्रेड कोरला बांधून ठेवा, आणि १, २, ४, ८ थ्रेडला पाच-पाच वेळा चालवून सगळे आकडे वहीत लिहा, फक्त सगळ्यात चांगला नाही.

मग कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा. डीडीआर४-३२०० ला एका चॅनलला (रॅम ते प्रोसेसर ही वाट) २५.६ जीबी प्रति सेकंद, दोनला ५१.२. ट्रायडमध्ये हे पूर्ण दिसत नाही कारण लिहायच्या आधी प्रोसेसर त्या जागेची ओळ (मेमरीचा छोटा तुकडा) रॅममधून वाचून आणतो आणि स्ट्रीम ते वाचन मोजत नाही, म्हणून साधारण पाऊण भाग मिळाला तरी खूप. मित्राच्या मशीनवर आला १८! म्हणजे एकच चॅनल. डबा उघडला तर दोन्ही स्टिक शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये, दुकानदाराने बसवल्या तशाच. बोर्डाच्या पुस्तकात बघून एक स्लॉट सोडून लावली, ३४ झाले.

दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसरांचा, सर्व्हर असेल तर अजून एक भानगड. लिनक्समध्ये मेमरीचं पान (तुकडा) जो थ्रेड पहिल्यांदा हात लावतो त्याच्या प्रोसेसरच्या बाजूच्या रॅममध्ये पडतं, तेव्हा स्वतःच्या कोडमध्ये पण अ‍ॅरे भरायचं काम पुढे हिशेब करणाऱ्या त्याच थ्रेडांना वाटून द्या, एकट्या मेन थ्रेडने भरलात तर अर्धे कोर कायम पलीकडून माल मागवत राहणार. स्ट्रीम स्वतः हे नीट करतो.

मित्राचं सिम्युलेशन आता चारच्या पुढे हललं, सहा थ्रेडला मात्र परत अडकलं. मांडवीच्या पुलावर संध्याकाळी सातला आणखी गाड्या सोडल्यासारखं. तो आता सहावरच चालवतो.