दिवाळीत वेस्टरप्लाट्टेचा किल्ला कसा करायचा

दरवर्षी सोसायटीत चार राजगड, तीन प्रतापगड आणि एक अर्धवट सिंधुदुर्ग असतो, म्हणून गेल्या वर्षी आम्ही ठरवलं की यंदा पोलंडचा वेस्टरप्लाट्टे करायचा. पहिला प्रश्न आजीचा, "अरे पण महाराज कुठे बसवणार?" त्याचं उत्तर पुढे देतो. दुसरा प्रश्न शेजारच्या काकांचा, पोलंडचा आपला काय संबंध. काका, कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं राहून गेली, एवढा संबंध पुरे.

आधी गोष्ट नीट डोक्यात घ्या, नाहीतर पोरांनी विचारलं की फजिती होते. वेस्टरप्लाट्टे म्हणजे डान्झिग (आजचं ग्दान्स्क, तेव्हा कराराने ठरलेलं एक स्वतंत्र शहर) बंदराच्या तोंडाशी जमिनीची एक चिंचोळी पट्टी, तिथे पोलंडचा लष्करी डेपो. १ सप्टेंबर १९३९ ला पहाटे पावणेपाचच्या सुमाराला श्लेसविग-होल्स्टाइन या जर्मन युद्धनौकेने तोफा सुरू केल्या, आणि ही नौका आली होती पाहुणी म्हणून, सौजन्यभेट, यजमानाच्या दारात उभी राहून गोळे! आत साधारण २०० माणसं, मेजर हेन्रिक सुखार्स्की आणि त्यांच्या हाताखाली कॅप्टन फ्रान्चिशेक दोम्ब्रोव्स्की. हुकूम होता बारा तास टिकवा, टिकवलं सात दिवस.

आता बांधणी. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे इथे डोंगरच नाही. आपल्या हाताला सवय विटांवर विटा, वरून गोणपाट, वरून चिखल, की झाला कडा. इथे सपाट. तीन फूट बाय दीड फूट प्लाय घ्या, त्यावर काळी माती वीतभर रुंद, लांबट पट्टीसारखी थापा, गंगेकाठची (नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी) मिळाली तर उत्तम नाहीतर गंगापूर रोडच्या कुठल्याही नर्सरीत पोतं मिळतं, खडे मात्र चाळून काढा. एका टोकाला पट्टी मोठ्या जमिनीला जोडलेली ठेवा, तिथे पुठ्ठ्याची भिंत, गेरू लावून लाल, आणि रेल्वेचं फाटक. जर्मन पायदळ याच बाजूने घुसायला बघत होतं. एका लांब बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बंदराचा अरुंद कालवा. पाण्यासाठी जाड मेणकापड घ्या, आम्ही पातळ प्लास्टिक घातलं आणि वसुबारसेच्या रात्री सगळा बाल्टिक समुद्र जिन्यातून खाली गेला, सेक्रेटरींनी ऐकवलं ते वेगळंच.

अळीव आठवडाभर आधी पेरा. पण नुसती हिरवळ नको, इथे झाडी होती, म्हणून सुरूच्या छोट्या फांद्या खोचा. जर्मनांनी ही झाडी पेट्रोलचे रेल्वे टँकर आत ढकलून पेटवायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही. पोरांना हे सांगितलं की ती लगेच लवंगी काढतात, थर्माकोलजवळ फटाका अजिबात नको.

आता खरा मुद्दा, आणि इथेच बहुतेक जण चुकतील. तुम्ही तट-बुरूज करायला जाल. करू नका. करारामुळे तिथे उघड किल्लेबंदी करायची सोय नव्हती, म्हणून पोलिश लोकांनी घरं बांधली, साधी, खिडक्या-छपराची, आणि तळघर काँक्रीटचं, जमिनीलगत मशीनगनसाठी फटी. बाहेरून बघाल तर चौकीदाराची खोली. म्हणून पाच चौक्या काडेपेटीच्या आकाराच्या करा, मधे एक मोठी बराक, तिच्या तळघरात सहावी. प्रत्येक चौकीचं छप्पर उचलता येईल असं सुटं ठेवा आणि तळाला खिळ्याने आडवी चीर पाडा, पोरं डोळा लावून बघतात. पाच नंबरचं छप्पर मात्र चेपून टाका. २ सप्टेंबरला स्टुका विमानांनी बॉम्ब टाकले त्यात ती चौकी आतल्या बऱ्याच माणसांसकट गेली, शिवाय पोलिश लोकांच्या चारही उखळी तोफा त्याच दिवशी गेल्या. ७५ मिलिमीटर तोंडाची एकुलती एक तोफ तर पहिल्याच दिवशी निकामी झालेली. त्यानंतर शरण जायचं की लढायचं यावरून सुखार्स्की आणि दोम्ब्रोव्स्की यांच्यात जुंपली असं म्हणतात, त्यावर पोलंडमध्ये अजून वाद चालतात.

जहाज पुठ्ठ्याचं, राखाडी रंग. पुढे एक आणि मागे एक असे दोन बुरूज, प्रत्येकात दोन तोफा, जुन्या रिफिल कापून बसतात, धुरांडी दोन. खरी नौका १२७ मीटर लांब आणि १९०८ ची म्हणजे तेव्हाच म्हातारी, पण तोफा २८ सेंटीमीटर तोंडाच्या. तिला कालव्यात अगदी जवळ उभी करा, हातभर सुद्धा अंतर नको, तेव्हाच बघणाऱ्याला कळतं की चुकायला जागाच नव्हती. देवळालीला तोफखान्यात नोकरी केलेले एक काका बघायला आले, पाच मिनिटं नुसते त्या अंतराकडे बघत होते.

महाराजांचं म्हणाल तर आम्ही कोपऱ्यात रामशेज केला. छोटा, पण आपल्या नाशिकचा, मुघलांना वर्षानुवर्षं झुलवणारा. महाराज तिथे बसले, आजी खूश, आणि मावळे चुकून बाल्टिककडे जायचे थांबले.

७ सप्टेंबरला पांढरं निशाण वर गेलं. जखमींच्या जखमा सडत होत्या, औषध नव्हतं. जर्मन सेनापतीने सुखार्स्कींना तलवार जवळ ठेवू दिली. म्हणून आम्ही भाऊबीजेला बराकीवर इअरबडच्या काडीला रुमालाचा तुकडा लावला आणि दारात मेजर उभा केला, कमरेला टाचणी. दुसऱ्या दिवशी माती कुंड्यांत गेली, जहाज अजून कपाटावर आहे.