काचेच्या कामाची पारख आणि किंमत: भट्टी उघडल्यापासून भावाची चिठ्ठी लागेपर्यंत

भट्टी उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत किंमत ठरवू नका. रात्रभर वाट पाहून झाकण उचललेलं असतं, आणि त्या क्षणी प्रत्येक वस्तू एकतर अप्रतिम वाटते नाहीतर वाया गेलेली. दोन्ही अंदाज चुकतात. मी नवा घाणा आठ दिवस पडवीतल्या फळीवर मांडून ठेवते, येता-जाता बघते, हात लावत नाही. आठव्या दिवशी वही घेऊन बसते. त्या दिवशीही फक्त पारख करायची. हिशोब दुसऱ्या दिवशी. दोन्ही एकाच बैठकीत केलं की मन लबाडी करतं, चार तास खपलोय म्हणून दोषाकडे कानाडोळा होतो.

हे सगळं फ्युजिंग करणाऱ्यांसाठी, म्हणजे भट्टीत काच वितळवून जोडणाऱ्यांसाठी लिहिते आहे. मणी ओढणाऱ्यांना आणि स्टेन्ड ग्लास करणाऱ्यांना हिशोबाचा भाग जसाच्या तसा चालेल.

आधी काचेतला साका शोधा

कोकणातल्या माणसाला साका समजावून सांगावा लागत नाही. हापूस बाहेरून पिवळाधमक, देठाजवळ वास भरलेला, आणि कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. काचेतही असाच बाहेरून न दिसणारा दोष असतो, तो म्हणजे ताण. असली बशी सहा महिने छान राहते आणि एका रात्री शेल्फवर कुणी हात न लावता दुभंगते. माझी एक बशी अशी फुटली, ती एका ओळखीच्या वहिनींच्या घरी, ऐन दिवाळीत. निळा रंग हवा म्हणून मी फ्युजिंगच्या काचेत बाटलीचा तुकडा जोडला होता. बशीचे पैसे परत केले, पण तिथे लहान मूल रांगत होतं हे अजून मनातून जात नाही. म्हणून ही तपासणी सगळ्यांत आधी.

ताण दोन कारणांनी राहतो. पहिलं कारण, काच घाईने थंड केली. प्रसरणांक म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा; बुल्सआय कंपनीच्या काचेसारख्या ९० प्रसरणांकाच्या काचेची सहा मिलिमीटर जाडीची बशी ४८२ अंश सेल्सिअसला तासभर थांबवून मग हळूहळू उतरवावी लागते. यालाच अ‍ॅनिलिंग म्हणतात. जाडी दुप्पट केली तर उतरण्याचा वेग साधारण चौथाईवर आणावा लागतो, निम्म्यावर नाही. इथे नवखे फार चुकतात. दुसरं कारण, न जुळणाऱ्या काचा एकत्र केल्या. ९० आणि १०४ प्रसरणांकाच्या काचा एकाच भट्टीत सुंदर वितळतात, पण थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी. बाटल्यांचं काम करत असाल तर एका वस्तूत एकाच बाटलीची काच वापरा. दोन हिरव्या बाटल्या दिसायला सारख्या असल्या म्हणून जुळतातच असं नाही.

ताण बघायला महागडं यंत्र लागत नाही. एलसीडी पडद्याच्या लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. आता वस्तू पडदा आणि गॉगल यांच्या मध्ये धरा. काच काळीच राहिली तर ठीक. उजेड दिसला तर तो कुठे आहे ते बघा. कडेने किंवा सगळ्या बशीभर पसरला असेल तर थंड करणं चुकलं आहे. पुन्हा भट्टीत घालून नीट उतरवलं तर वस्तू वाचते. एखाद्याच तुकड्याभोवती कडं उमटलं असेल तर त्या काचा जुळत नाहीत, आणि त्यावर इलाज नाही. बघताना काच खोलीच्या तापमानाची असू द्या, हाताच्या उबेनेही थोडा वेळ उजेड दिसतो. अपारदर्शक काचेतून हे दिसत नाही. त्यासाठी त्या रंगाची चिप पारदर्शक काचेवर वितळवून आधीच चाचणीची पट्टी करून ठेवायची.

दुरुस्त न होणारी वस्तू विकायची नाही, भेट द्यायची नाही, घरातही ठेवायची नाही.

बोटांनी, कापसाने, उजेडात

कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तिथे धार आहे. ही धार बहुतेकदा एकेरी, तीन मिलिमीटरच्या काचेवर सापडते. वितळलेली काच आपणहून सहा मिलिमीटरच्या आसपास जाड व्हायला बघते, त्यामुळे पातळ काच कडा आत ओढून घेते आणि काठाला सुईसारखी टोकं काढते. घासून टाका. पृष्ठभागावर निस्तेज पांढरट साय दिसली तर काच ७०० ते ७६० अंशांच्या पट्ट्यात जास्त वेळ रेंगाळली असणार किंवा आधी नीट पुसली नसणार. आमच्याकडे दमट हवेत बोटांचे ठसे आणि खारटपणा काचेवर लगेच बसतो, म्हणून भट्टीत घालायच्या दिवशीच पुसायची, आदल्या दिवशी नाही. काच भट्टीतल्या शेल्फला चिकटू नये म्हणून त्यावर दिलेलं पांढरं लेपण खालच्या बाजूला लागलंय का तेही बघा.

बुडबुड्यांबद्दल मी स्वतःला एकच विचारते, तो मी ठेवलाय की राहिलाय?

मग उजेड. सकाळी पडवीत, दुपारी खळ्यात, रात्री ट्यूबलाइटखाली, अशी प्रत्येक वस्तू तीनदा बघा. निओडिमियम हे मूलद्रव्य घातलेली जांभळट काच उन्हात फिकट जांभळी आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसते. तुम्ही ती समुद्रावरच्या उन्हात दाखवून विकलीत आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिचा रंग बदलला, तर फसवल्यासारखं वाटेल. आधीच सांगा.

मांडणीवर बोलणारं माणूस शोधा

स्वतःच्या मांडणीची पारख सगळ्यांत अवघड. वस्तू उलटी धरून बघा, आरशात बघा, मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. रंगाची भूल गेली की उजेड-अंधाराचा तोल उघडा पडतो. वहीत तीन वाक्यं लिहा: मला काय करायचं होतं, काय झालं, पुढच्या वेळी एक गोष्ट कोणती बदलेन. ‘छान’, ‘बरी’ असले शब्द लिहू नका. ‘शेपटीचा हिरवा पाण्याच्या हिरव्यात विरला’ असं लिहा.

आणि काचेतलं काही न कळणारं एक स्पष्टवक्तं माणूस गाठा. माझ्या शेजारच्या काकूंनी सुरमईची बशी हातात घेतली, तिरकी केली आणि विचारलं, “ह्यो मासो पोवता काय बुडता गो?” डोकं खाली झुकलं होतं, तोंडाखाली गडद पट्टा होता. खरंच बुडत होता. पुढच्या घाण्यात मी पट्टा वर नेला.

एवढं झालं की तीन ढीग करा: विकायच्या, पुन्हा भट्टीत घालायच्या, फोडून तुकडे म्हणून वापरायच्या. किरकोळ दोषाचा माल स्वस्तात विकणारे आहेत. मी विकत नाही. तीच बशी कुणाच्या तरी दिवाणखान्यात माझ्या नावाने वर्षानुवर्षं बसणार असते.

आता हिशोब

बारा सेंटिमीटर चौरस, सहा मिलिमीटर जाडीची बशी घेऊ. तिचं वजन सुमारे २१६ ग्रॅम भरतं, कापण्यातली नासाडी धरून २८० ग्रॅम काच लागते. काचेची वाळू आपल्याच कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्यात निघते, पण भट्टीत घालायची रंगीत काच बाहेरून येते, म्हणून वाहतूक आणि वाटेतली फूट धरूनच किलोचा दर काढा. खालचे दर उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला.

किलोला २,००० रुपये धरले तर काच ५६० रुपयांची. वीज अंदाजाने धरू नका, भट्टी लावण्याआधी आणि नंतर मीटर वाचा. वितळवणं आणि आकार देणं मिळून २४ युनिट लागली आणि आत आठ बश्या होत्या, तर बशीला तीन युनिट; १२ रुपयांनी ३६. लेपण, फायबर पेपर (काचेखाली घालायचा, उष्णता सोसणारा कागद), खोका यांचे ३४. झाले ६३०. वेळ दीड तास, त्यात पुसणं, घासणं, खोक्यात भरणं सगळं आलं. तासाला २०० प्रमाणे ३००. एकूण ९३०.

आठातली एक बशी फोडायच्या ढिगात गेली, तर तिचा खर्च उरलेल्या सातांनी उचलायचा: ९३० गुणिले आठ, भागिले सात, १,०६३. हा आकडा बहुतेक जण विसरतात आणि वर्षअखेरीस पैसे कुठे गेले ते शोधत बसतात. भट्टीची झीज, जागा, प्रवास यांसाठी १५ टक्के, मग २० टक्के नफा, म्हणजे साधारण १,४७०. हा घाऊक भाव.

दुकान किंवा होमस्टे ३५ टक्के ठेवत असेल तर १,४७० मध्ये ३५ टक्के मिळवू नका. तसं केलं तर चिठ्ठी १,९८५ ची होते आणि तुमच्या हातात १,२९० च येतात. १,४७० ला ०.६५ ने भागा: २,२६०. घरी आलेल्या गिऱ्हाइकालाही हाच भाव सांगा. तिकडे दुकानात २,२६० आणि तुमच्या पडवीत १,४७०, हे दुकानदाराला कळलं की तो पुढच्या मोसमात माल ठेवणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

भाव जास्त वाटला तर तासाचा दर कापू नका, बशी बदला: लहान करा, रंग कमी करा, एका घाण्यात जास्त बसवा. एखादी वस्तू द्यावीशीच वाटत नसेल तर तिच्यावर अवाच्या सवा भाव लिहून गिऱ्हाइकाला परतवू नका, ‘विकायची नाही’ म्हणून घरात घ्या.

घासाघीस होणारच. चिठ्ठीवर भाव लिहिलेला असला की घासाघीस निम्म्याने कमी होते. “दादा, भाव हाच, सहा घेतल्यात तर खोके माझ्याकडून,” इतकं सांगून मी थांबते. गणपतीला चाकरमानी येतात, डिसेंबरात पर्यटक. गणपतीआधीच्या पावसाळ्यात फार विक्री नसते, तेव्हा घाबरून भाव पाडू नका, चाचणीच्या पट्ट्या करा. आणि त्या दिवसांत चिकटवलेल्या चिठ्ठ्या दमट हवेने सुटून पडतात. जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलीने भाव लिहून दोऱ्याने बांधा.