पिंग चालतंय पण अटॅचमेंट जात नाही: माझा अनुभव

ऑफिसची जुनी लाईन बदलून पीपीपीओईवाली (युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) फायबर घेतली आणि दुसऱ्या दिवशीपासून साधे मेल जातात, पण अटॅचमेंट लावली की अडकून बसते. पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का बघायची छोटी चाचणी) एकदम क्लीन. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, प्रोव्हायडरशी भांडून झालं, दोन दिवस नुसती डोकेफोड. अकाउंट्सच्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "सर, लहान जातंय, मोठं अडकतंय", पण पंचवीस वर्षं नेटवर्किंग केलेल्या माणसाचा भरवसा पिंगवर, मॅडमवर नाही.

मग विंडोजवरून डोन्ट फ्रॅगमेंट (पॅकेटचे, म्हणजे डेटाच्या गठ्ठ्याचे, तुकडे करू नको) लावून मोठं पिंग मारलं. साईज १४७२ ला टाइमआउट, १४६४ ला रिप्लाय. त्यात २८ बाइट हेडर मिळवले की १४९२, म्हणजे नेहमीच्या १५०० मधून पीपीपीओईचे ८ बाइट गेले, त्याहून मोठं पॅकेट अडकणारच. राउटर "पॅकेट मोठं आहे" असं आयसीएमपीने (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे निरोप, पिंगही त्यातलंच) परत सांगत होता आणि मधला फायरवॉल (ट्रॅफिक गाळणारा) ते गिळत होता, कारण फार पूर्वी मीच पिंग सोडून सगळं आयसीएमपी बंद केलेलं!

आधी राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाईनच्या) इंटरफेसचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल साईज) १४९२ आहे ना ते बघितलं, मग तिथेच टीसीपी एमएसएस (४० बाइट हेडर सोडून एका पॅकेटमधला डेटा) क्लॅम्प करून १४५२ वर बांधला, मग फायरवॉलवर आयसीएमपी टाइप ३ कोड ४ (तोच "पॅकेट मोठं आहे" निरोप) आत येऊ दिला. शेवटी मेलचं सॉफ्टवेअर बंद करून परत उघडायचं, हे विसरू नका, एमएसएस कनेक्शन जोडतानाच ठरतो त्यामुळे जुनी कनेक्शनं तशीच अडकून राहतात.

मॅडमची ८ एमबीची पीडीएफ लगेच गेली.