बोलिव्हिया मिळालाय? मग पुढच्या पंधरा दिवसांत एवढं कर

मॉडेल युएनची, म्हणजे विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवतात त्या नकली संयुक्त राष्ट्र परिषदेची, पोर्टफोलिओची (कुणाला कुठला देश) यादी लागली, नावापुढे बोलिव्हिया दिसला आणि तुझं तोंड उतरलं. अमेरिका नाही तर रशिया हवा होता ना? जाऊ दे. अजेंडा पाण्याचा आहे, आणि पाण्यावर बोलायला याहून तगडा देश शोधून सापडला नसता.

लोकसंख्या, चलन, राष्ट्रीय फूल यात पहिली संध्याकाळ घालवू नकोस, कमिटीत ते कुणी विचारत नाही. राजधानी मात्र पाठ हवी. संविधानानुसार सुक्रे, पण सरकार बसतं ला पाझला. डिसेंबर आला की अधिवेशनाचा बंदोबस्त बघणाऱ्या नागपूरकराला यात नवल वाटू नये.

मग नकाशा. मोठा प्रिंट काढ आणि अभ्यासाच्या टेबलासमोर लाव. देशाला समुद्र नाही. एकेकाळी होता. १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात किनारा चिलीकडे गेला, १९०४ च्या तहानं त्यावर शिक्का बसला. बोलिव्हिया २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १ ऑक्टोबर २०१८ ला निकाल आला की चिलीवर वाटाघाटींचं बंधन नाही. तरीही या देशाचं नौदल आहे, टिटिकाका सरोवरात त्याच्या बोटी फिरतात आणि दर २३ मार्चला 'समुद्र दिन' पाळतात. समुद्र आपल्या नागपूरलाही नाही, पण आपला कुणी हिसकावून नेलेला नाही. फरक तिथे आहे. मी हे न वाचता गेलो होतो. पहिल्याच दिवशी ठरावाला पाठिंबा मागायला चिलीला चिट पाठवली. दोघांतले राजदूत-संबंध १९७८ मध्येच तुटले होते, हे मला ठाऊक नव्हतं. चिट परत आली, मागे एकच ओळ: 'आधी किनाऱ्याचा विषय सोडता का?' ती अजून माझ्या फाईलमध्ये आहे.

आता खरं काम, मतदान. भाषणात देश काहीही बोलतो, मत देताना सापडतो. संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल लायब्ररीत ठराव ६४/२९२ काढ. २८ जुलै २०१०, पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क. तो मांडला बोलिव्हियानं, राजदूत पाब्लो सोलोन यांनी. बाजूनं १२२, विरोधात शून्य, तटस्थ ४१. ही यादी कागदावर घे आणि दोन रंगांची पेन्सिल चालव. भारत, चीन, ब्राझील बाजूनं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा तटस्थ. गंमत म्हणजे चिलीसुद्धा बाजूनं होता, म्हणजे माझी चिट अगदीच वाया नव्हती, फक्त त्यावर या ठरावाचा क्रमांक हवा होता. तुझा ब्लॉक, म्हणजे तुझ्यासोबतच्या देशांचा गट, या कागदातून निघेल, कॉकसमध्ये (अनौपचारिक चर्चेत) ओळखी काढून नाही.

हा देश पाण्यावर एवढा का पेटतो, तेही वाच. १९९९ मध्ये कोचाबांबा शहरात पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, बिलं वाढली, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला करार मोडावा लागला. मे महिन्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे भाषण लिहायला फार वेळ लागत नाही. फक्त नागपूरची गोष्ट पोडियमवर सांगू नकोस. तिथे तू बोलिव्हिया आहेस.

एक खड्डा आहे. २००६ पासूनची बहुतेक वर्षं तिथे डाव्या 'मास' पक्षाची सत्ता होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉड्रिगो पाझ राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे जुनी भाषणं जशीच्या तशी उचललीस तर पॉइंट ऑफ इन्फर्मेशनमध्ये, म्हणजे भाषणानंतरच्या प्रश्नांत, अडकशील. ईबीला (कमिटी चालवणाऱ्या एक्झिक्युटिव्ह बोर्डाला) आत्ताच मेल करून फ्रीझ डेट, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्या घडामोडी धरायच्या ते, विचार, आणि कुठले सोर्स ग्राह्य धरणार तेही.

पोझिशन पेपर, म्हणजे देशाची लेखी भूमिका, एका पानात बसव. रूल्स ऑफ प्रोसिजर एका दुपारी होतात. ब्लेझर इस्त्रीला दे, कोऱ्या चिटांचा गठ्ठा आणि दोन पेनं घे. ठरावाची प्रत सीताबर्डीवर आदल्या दिवशीच झेरॉक्स करून ठेव, सकाळी दुकानं उघडायच्या आत तुझा रोल कॉल (हजेरी) होऊन गेलेला असेल.