ऑनलाइन डिरेक्टरीत नंबर शोधताना या चुका टाळा

ऐन रब्बीत बोअरची मोटार जळाली की गंगाखेडच्या आसपासचा शेतकरी हल्ली आधी मोबाइल हातात घेतो. जस्टडायल किंवा गुगल मॅप्सवर तो 'मोटार दुरुस्ती' असे टाकतो आणि समोर येतात ती चारचाकी गाड्यांची गॅरेजे. तेच त्याने 'सबमर्सिबल पंप रिपेअर' किंवा 'मोटार रिवाइंडिंग' असे टाकले असते, तर त्याला हवे ते दुकान सापडण्याची शक्यता कितीतरी वाढली असती. डिरेक्टरी अपुरी आहे, आपल्या भागातली दुकाने तिच्यात नाहीत, अशी तक्रार मराठवाड्यात सर्रास ऐकू येते आणि लहान गावांपुरती ती खरीही आहे. परंतु पुष्कळ वेळा नोंद तिथे असते, विचारण्याची रीत तेवढी चुकलेली असते. दुसरी चूक त्याहून गंभीर आहे, ती म्हणजे सापडलेला नंबर खरा कोणाचा हे न पाहताच लावणे. पहिल्या चुकीने वेळ जातो, दुसरीने बँकेतले पैसे जातात.

अडचण टाकू नका, धंद्याचे नाव टाका

या डिरेक्टऱ्यांत प्रत्येक दुकान कोणत्या ना कोणत्या व्यवसाय-प्रकाराखाली नोंदलेले असते आणि तो प्रकार बहुधा इंग्रजी नावाने ठरलेला असतो. आडत दुकान शोधायचे असेल तर ते 'कमिशन एजंट', 'ग्रेन मर्चंट' किंवा नुसते 'ट्रेडिंग कंपनी' म्हणूनही नोंदलेले असू शकते. बी-बियाण्यांचे दुकान 'कृषी सेवा केंद्र' या नावाने सापडले नाही, तर 'सीड्स अँड फर्टिलायझर डीलर' असे शोधून पाहावे. 'मोंढा' हा शब्द आपल्याकडे बाजाराचा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. डिरेक्टरीत मात्र तो पत्त्याचा भाग म्हणून उपयोगी पडतो, धंद्याचा प्रकार म्हणून नाही. म्हणून नांदेडात 'नवा मोंढा' किंवा लातुरात 'गंजगोलाई' हे शब्द धंद्याच्या नावाला जोडून लिहावेत, एकटे लिहू नयेत. याच्या उलट, लांबलचक वाक्य लिहिणेही टाळावे. धंदा आणि ठिकाण एवढे दोन-तीन शब्द पुरतात, आणि उत्तर आले नाही तर शब्द वाढवण्याऐवजी ते बदलून पाहावेत.

यंत्राचा सुटा भाग किंवा घाऊक माल हवा असेल तर शोधण्याची जागाच बदलावी लागते. इंडियामार्टसारख्या संकेतस्थळाचा भर उत्पादक आणि घाऊक विक्रेत्यांवर आहे. तिथे गल्लीतला प्लंबर शोधणे व्यर्थ आहे. वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतला पुरवठादार मात्र तिथे सापडू शकतो.

गावाचे नाव: जुने, नवे आणि वेगवेगळ्या स्पेलिंगचे

मराठवाड्यात शोध चुकण्याचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच आहे. २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, परंतु दुकानदारांनी कित्येक वर्षांपूर्वी भरलेल्या नोंदी जशाच्या तशा राहिलेल्या आढळतात. त्यामुळे नव्या नावाने यादी अपुरी वाटली तर जुन्या नावानेही शोधणे आवश्यक आहे, आणि जुने नाव टाकताना सोबत 'महाराष्ट्र' लिहायला विसरू नये, कारण औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. नुसते 'संभाजीनगर' टाकणेही पुरेसे नाही; त्या नावाच्या वसाहती अनेक शहरांत आहेत.

रोमन लिपीतल्या स्पेलिंगचा घोळ याहून जुना आहे. बीड हे कुठे दोन ई घालून लिहिलेले असते, तर कुठे आय घालून. वसमतची नोंद 'बी' या अक्षराने सुरू होणाऱ्या 'बसमत' या रूपात मिळू शकते, गेवराई 'जी-ई-ओ' अशा अक्षरांनी सुरू होते, आणि अंबाजोगाईच्या मधल्या अक्षराला कधी ए असतो, कधी ई. एका स्पेलिंगने दुकान सापडले नाही म्हणून ते नाहीच, असे समजू नये. देवनागरीत शोधूनही पाहावे, पण पुष्कळ नोंदी रोमन लिपीतच भरलेल्या असल्याने एकट्या देवनागरीवर विसंबून राहू नये. नावाच्या सारखेपणाचाही त्रास आहे: कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे तसे यवतमाळ जिल्ह्यातही आहे, सेलू परभणीत आहे तसे वर्ध्यातही आहे, आणि आष्टी बीडमध्ये आहे तशी वर्ध्यातही आहे. इथे पिनकोड सर्वांत भरवशाचा ठरतो. लातूर शहराचा ४१३५१२, नांदेडचा ४३१६०१, परभणीचा ४३१४०१. पत्त्यातले हे सहा अंक नुसते नजरेखालून घातले तरी आपण योग्य जिल्ह्यात आहोत की नाही ते कळते.

जिल्ह्याच्या हद्दीत अडकून राहणे ही याच प्रकारातली आणखी एक चूक आहे. अंबाजोगाई बीड जिल्ह्यात असली तरी तिथल्या माणसाला बीडपेक्षा लातूर जवळ पडते. किनवटला आदिलाबाद जवळ आहे. जिल्ह्याचे नाव टाकून शोधले की या जवळच्या बाजारपेठा यादीतून आपोआप गळतात. अशा वेळी नकाशावर स्वतःचे ठिकाण धरून भोवतालच्या परिसरात शोधावे. मात्र त्याआधी मोबाइलचे लोकेशन सुरू आहे याची खात्री करावी, कारण ते बंद असल्यास डिरेक्टरी केवळ इंटरनेट जोडणीवरून अंदाज बांधते आणि तो अंदाज एखाद्या दूरच्या महानगराचा निघू शकतो.

नंबर लागत नसेल तर

लँडलाइनचा नंबर बंद आहे असे ठरवण्यापूर्वी त्याचे अंक मोजावेत. आपल्याकडे सुरुवातीचे शून्य वगळता एसटीडी कोड आणि नंबर मिळून दहा अंक होतात. छत्रपती संभाजीनगरचा कोड ०२४० आहे, म्हणून तिथला नंबर सात अंकी असतो. लातूरचा ०२३८२ आहे, म्हणून तिथला सहा अंकी. नोंदीत कोड नसेल तर तो आपण जोडावा, आणि तो जोडताना जिल्ह्याच्या ठिकाणचा कोड सगळ्या तालुक्यांना लागू आहे असे धरू नये. बीडचा कोड ०२४४२ असला तरी अंबाजोगाईचा ०२४४६ आहे. लातूरचा ०२३८२ असला तरी उदगीरचा ०२३८५ आहे. मोबाइलवरून लँडलाइनला लावताना शून्यासह कोड द्यावा लागतो. लँडलाइनवरून मोबाइलला लावतानाही १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावणे बंधनकारक आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक नसल्याने त्यांचे फोन विनाकारण अडतात. १८०० ने सुरू होणारा नंबर फोन करणाऱ्याला मोफत असतो, १८६० ने सुरू होणारा नसतो.

यादीत पहिले, म्हणून चांगले असे नव्हे

वरच्या नोंदींपैकी काही पैसे भरून वर आलेल्या असतात आणि त्यांच्यावर बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. दुकानाला मिळालेल्या ताऱ्यांपेक्षा अभिप्रायांच्या तारखा पाहाव्यात. गेल्या वर्षभरात एकही अभिप्राय नसेल तर दुकान हलले किंवा बंद झाले असण्याचा संभव आहे. मोठा व्यवहार करायचा असल्यास दुकानदाराकडे जीएसटी क्रमांक मागावा आणि तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तपासावा. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रात नोंदलेल्या धंद्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तिथे नोंदलेले नाव आणि डिरेक्टरीतले नाव जुळत नसेल तर आगाऊ रक्कम पाठवू नये.

कस्टमर केअरचा नंबर डिरेक्टरीत शोधणे: सर्वांत महागडी चूक

बँक, गॅस एजन्सी, वीज कंपनी, कुरिअर, मोबाइल कंपनी यांपैकी कोणाचाही ग्राहक सेवा क्रमांक डिरेक्टरीत, नकाशावर किंवा सर्च इंजिनच्या उत्तरांत शोधू नये, हे मी कळकळीने सांगतो. नकाशावरच्या नोंदीत बदल सुचवण्याची सोय कोणालाही उपलब्ध असते, आणि भामटे तिचा उपयोग करून बँकेच्या नावापुढे स्वतःचा मोबाइल नंबर चढवतात किंवा त्या नावाची बनावट नोंदच तयार करतात. अडलेला ग्राहक स्वतः होऊन फोन करतो, त्यामुळे त्याला संशयही येत नाही. पलीकडचा माणूस अत्यंत नम्रपणे बोलतो, तक्रार क्रमांक देतो आणि मग एनीडेस्कसारखे आपली स्क्रीन त्याला दाखवणारे ॲप उतरवून घ्यायला सांगतो, ओटीपी विचारतो किंवा 'परतावा मिळण्यासाठी' यूपीआय पिन टाकायला लावतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. तो पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक पाहताना लागतो. एवढी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः पेन्शन किंवा पीकविम्याची रक्कम खात्यात येणाऱ्या आईवडिलांना, समजावून सांगितली पाहिजे.

खरा नंबर बँकेच्या कार्डाच्या मागे, पासबुकावर, वीजबिलावर किंवा संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर असतो. महावितरणसाठी १९१२ किंवा १८००-२१२-३४३५, शेतीविषयक सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१, गॅसगळतीसाठी १९०६ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवावेत. फसवणूक झालीच तर संकोच न करता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी भामट्याच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. डिरेक्टरीतल्या त्या नोंदीचा आणि व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

आपला नंबर कुठे देतो, तेही पाहावे

'बेस्ट प्राइस मिळवा' किंवा 'चौकशी पाठवा' अशा बटणावर नंबर दिला की तो एकाच दुकानाकडे न जाता अनेक विक्रेत्यांकडे जाऊ शकतो, आणि मग दिवसभर फोन वाजत राहतो. नोंदीत दुकानाचा थेट नंबर दिसत असेल तर तोच लावावा. १९०९ वर नोंदणी करून जाहिरातींचे फोन रोखता येतात, पण चौकशी आपणच नोंदवलेली असेल तर ही नोंदणी तिथे पुरी पडत नाही.

चुकीचा नंबर आढळल्यास 'बदल सुचवा' किंवा 'तक्रार करा' हा पर्याय वापरून तो कळवावा, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. दुकानदारांनी तर आपल्या नोंदीचा ताबा स्वतःकडे घेऊन ती वर्षातून एकदा तरी तपासावी: बंद झालेली लँडलाइन काढावी, गावाचे जुने आणि नवे अशी दोन्ही नावे पत्त्यात लिहावीत, आणि वेळ, पिनकोड व दुकानाच्या पाटीचा फोटो त्यासोबत द्यावा.